आचारसंहितेचे दिवस

१

तिजोरीचं कुलूप शाबूत होतं, किल्ली मालकाच्या करगोट्याला बांधलेली होती, आणि आतलं रिव्हॉल्व्हर गेलं होतं.

जोतीराम साळुंखे गुडघ्यावर हात टेकून उठले. पोलीस खात्यातून सबइन्स्पेक्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी कुलूप पाहायला सांगितलं की ते अजून श्वास रोखून पाहत. कुलपावर ओरखडा नव्हता. बिजागरी जागची हललेली नव्हती.

"किल्ली कमरेची कधी काढता?"

"आंघोळीलाही नाही," जयप्रकाश दळवी म्हणाले. "करगोटा बदलतो तेव्हा सुद्धा किल्ली मुठीत असते."

दळवींचा उलव्यात रेती-खडी पुरवायचा धंदा होता. विमानतळाच्या आजूबाजूला ज्या इमारती उठल्या, त्यांतल्या कितीतरींच्या पायात त्यांची खडी होती. धंदा नवा असताना कुणीतरी धमक्या दिल्या, म्हणून त्यांनी आत्मसंरक्षणासाठी लायसन काढलं आणि रिव्हॉल्व्हर घेतलं. धमक्या देणारे केव्हाच पांगले. रिव्हॉल्व्हर राहिलं.

रविवारी दुपारी खारघरहून मुलगा सुयश जेवायला आला होता. बापलेकांची बाचाबाची झाली, तो अर्ध्या ताटावरून उठून गेला, आणि दळवी रागारागात साइटवर निघून गेले. सोमवारी सकाळी हत्यार बरोबर घ्यावं म्हणून तिजोरी उघडली, तर आत नुसती मखमली पिशवी.

"पोलिसांत का नाही गेलात?"

"भाऊ, तुम्हीच असं विचारता? पहिला प्रश्न येईल, हत्यार नीट का सांभाळलं नाही. लायसन गेलंच समजा. आणि मला माहीत आहे कुणी नेलं ते. सुगतनं."

सुगत हा त्यांचा ड्रायव्हर, जालन्याकडचा. सोमवारी सकाळी मालकाला साइटवर सोडल्यावर तो गाडी घेऊन दुपारपर्यंत गायब होता. पंक्चर काढत होतो म्हणाला. पंक्चरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, गाडी आलीच नाही.

"शनिवारपर्यंत तुम्ही काय ते काढा त्याच्याकडून," दळवी म्हणाले. "तुमच्याशी गोडीत बोलला तर ठीक. नाहीतर शनिवारी मी लायसनची पर्वा करणार नाही. हत्यारचोरीच्या केसमध्ये त्याला आत टाकीन, मग बसू दे आयुष्यभर खेटे घालत."

ते हे चढ्या आवाजात म्हणाले नाहीत. जोतीरामांना तेच खटकलं.

२

जेवूनच जा असा आग्रह झाला. जोतीरामांची बायको पुतळा हयात असताना ती आणि वैजयंती दळवी एकाच क्रोशाच्या वर्गाला जात. तेव्हापासूनची घरोब्याची ओळख. पुतळा गेल्यावर जोतीराम खारघरला एकटेच राहत. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून टीव्ही लावून ठेवत. दुसऱ्याच्या घरचं जेवण ते सहसा नाकारत नसत.

वैजयंतीबाईंनी ताटं मांडली. टेबल मोठं होतं, तरी भाताचं पातेलं, आमटी, सोलकढी, सगळं डावीकडे दाटीवाटीनं ठेवलं होतं. दळवींच्या उजव्या हाताशी वीतभर जागा रिकामी होती. जोतीरामांनी सोलकढीचा पेला सहज तिथे टेकवला. वैजयंतीबाईंनी तो काही न बोलता उचलला आणि पलीकडे ठेवला.

जेवताना बोलले ते दळवीच. नव्या पुलाबद्दल, डिझेलबद्दल. बाई वाढत होत्या. दळवींचा चमचा खाली पडला तेव्हा त्या दचकल्या, आणि मग आपण दचकलोच नाही असं दाखवायला भात वाढू लागल्या.

जेवणानंतर त्या विणकामाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. जोतीरामांनी विचारलं ते सांगितलं: रविवारी सगळे गेल्यावर घर आवरलं, बाहेरचं कोणी आलं नाही. सुई काही पिशवीतून बाहेर निघाली नाही. चहा आणायला उठल्या तर पिशवी खांद्याला अडकवून गेल्या, आणि दोन्ही हातांत ट्रे घेऊन आल्या तेव्हाही ती खांद्यालाच होती.

जोतीराम निघताना बाईंनी एकच प्रश्न विचारला.

"भावजी, पालिकेचं मतदान आता पुढे नाही ना जाणार?"

"हिला राजकारणाचं वेड," दळवी हसून म्हणाले. "मला धंद्याची चिंता, हिला इलेक्शनची."

मतदान जानेवारीत ठरलं होतं, आचारसंहिता लागून काही दिवस झाले होते. जोतीराम पायऱ्या उतरता उतरता थांबले. आचारसंहिता लागली की लायसनवाल्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात. मग दळवींचं रिव्हॉल्व्हर चोरीला जायला घरी होतंच कशाला?

३

याचं उत्तर सोपं निघालं. हत्यारं कुणी जमा करायची हे एक समिती ठरवते. दळवींनी या खेपेला अर्ज केला होता, रोकड बाळगावी लागते, जिवाला धोका आहे. त्यांना सूट मिळाली. आधीच्या प्रत्येक निवडणुकीत मात्र त्यांनी मुकाट्यानं जमा केलं होतं.

म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच निवडणूक असून रिव्हॉल्व्हर घरी राहिलं. आणि नेमकं तेव्हाच ते गेलं.

दळवींकडे भांडी-लादीला येणारी भागीरथी गव्हाणजवळच्या गावठाणातली. जोतीरामांनी तिला सोसायटीच्या फाटकाशी गाठलं. ती आधी घाबरली, मग चोरीचं नाव आपल्यावर येत नाही असं कळल्यावर मोकळी झाली. सुगत घरात येतो का, असं त्यांनी विचारलं. नाही, तो गाडीची चावी दाराआतल्या हुकाला लावतो नि तिथूनच मागे फिरतो. आतल्या खोलीचा रंगही त्याला ठाऊक नसेल.

"बाईंचा स्वभाव कसा आहे?"

"गरीब हाय वो. पन राजकारन लई. पेपर आला का मना वाचून दाखवाचा, इलेक्शन लागली का, नाय लागली. त्या लॉकडाऊनमदी तर रोज." भागीरथी हसली. "आनी खरा सांगू? इलेक्शन आली का या घरान सन असतो. बाई पुरनपोल्या करतान. सायब गानी म्हनतान. मी म्हनते, यांचा कोन उभा हाय का काय?"

संध्याकाळी सुयश खारघरच्या बागेत भेटला. तो एका कंपनीत संगणकाचं काम करत होता. वडिलांच्या रिव्हॉल्व्हरचं ऐकून त्याला ना आश्चर्य वाटलं ना काळजी.

"गेलं ते बरं झालं. मी नेलं असं म्हणतायत का?"

"नाही. पण रविवारी भांडण कशावरून झालं?"

सुयश म्हणाला की तो त्या घरात जेवायला बसतो तेव्हा त्याला घास गिळवत नाही, आणि तेवढंच त्यानं वडिलांना सांगितलं. का गिळवत नाही, ते त्यांनाच विचारा.

"तुझ्या आईला राजकारणाची फार आवड आहे म्हणे."

"आईला?" तो पहिल्यांदा हसला. "काका, मतदानाच्या रांगेत ती मला कानात विचारते, कुणाला देऊ रे? उमेदवार कोण आहेत तेही तिला माहीत नसतं."

ज्या बाईला निवडणुकीचा ध्यास आहे, तिला उमेदवार माहीत नाहीत. जोतीराम घरी आले आणि त्या दिवशी टीव्ही लावायचा विसरले.

४

शुक्रवारी सकाळी सुगत गाडी पुसत होता. चोविशीतला, अंगानं किडकिडीत. उलव्यात त्यानं नुकतीच एक खोली भाड्यानं घेतली होती. स्वतःच चुना मारला होता. रविवारी गावाहून आई यायची होती. वेणूबाई तिचं नाव. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबली, आता लेकाच्या खोलीत राहणार. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. विचारलं ते मात्र सांगेना.

"पंक्चर नव्हतं, सुगत."

"नव्हतं."

"मग कुठे होतास?"

"काका, तेवढं नका विचारू. म्या शब्द दिलाय."

"कुणाला?"

तो बोनेट पुसत राहिला. जोतीरामांनी त्याला शनिवारचं सांगितलं. हत्यारचोरीची केस म्हणजे काय, तेही सांगितलं. आई स्टेशनावर उतरेल तेव्हा न्यायला कोणीतरी जाईल का, एवढंच त्यानं विचारलं.

जोतीराम भिंतीला टेकून उभे राहिले. चौकशीत गप्प बसणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांना भलत्याच गोष्टीवर बोलतं करायचं असतं.

"इतका वेळ गाडीत बसून कंटाळला असशील."

"नाही. मांजर होतं ना." सुगतचा चेहरा जरा सैल झाला. "शेजारच्या रिक्षात व्यालं होतं. चार पिल्लं. माझ्या डब्यातली पोळी घातली."

"रिक्षावाल्यानं हाकललं नाही?"

"रिक्षावाला कुठला? टायर बसलेल्या, धुळीनं माखलेल्या रिक्षांची रांगच होती की."

तो बोलला आणि त्याला उमगलं. त्यानं फडकं बादलीत टाकलं.

टायर बसलेल्या रिक्षांची रांग कुठे असते, हे जोतीरामांना कोणी सांगायला नको होतं. जप्तीतली वाहनं गंजत पडतात ती पोलीस ठाण्याच्या आवारात. रिव्हॉल्व्हर नाहीसं झालं त्याच्या दुसऱ्याच सकाळी या गाडीतून कुणीतरी पोलीस ठाण्यात गेलं होतं.

चोर तिथे कशाला जाईल?

५

दुपारी दळवी साइटवर गेले होते. वैजयंतीबाईंनी दार उघडलं. विणकामाची पिशवी खांद्याला होती.

जोतीराम बसले. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त सांगितलं, की उद्या सुगतला पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत.

बाई उठून उभ्या राहिल्या. "सुगतला? त्याला का? तो तर दारापुढे पाऊलही टाकत नाही. हे मला कुणी बोललं नाही." त्यांचा हात पिशवीवर गेला. मग त्यांनी ती खांद्यावरून काढली आणि टीपॉयवर ठेवली. लोकरीच्या गुंड्यांच्या पिशवीचा असा आवाज होत नाही.

"भावजी, जपून. त्यातल्या गोळ्या काढायच्या कशा, मला येत नाही."

बाई इतके दिवस भरलेलं रिव्हॉल्व्हर खांद्याला लावून स्वयंपाक करत होत्या. जोतीरामांनी लोकरीत हात घातला, ते हलकेच बाहेर काढलं, चक्री उघडली, आणि गोळ्या एकेक करून पलीकडच्या वाटीत टाकल्या. मग विचारलं.

"पिशवीबाहेर कुठे का नाही ठेवलं?"

"कुठे ठेवणार? भागीरथीची मुलं येतात कधी. कचऱ्यात टाकलं आणि कुणाच्या हातात पडलं म्हणजे?"

"रविवारी ते टेबलावर राहिलं होतं. बरोबर?"

त्यांनी मान हलवली. जोतीरामांनी आपला हिशेब त्यांना सांगितला. कुलूप फुटलं नाही, किल्ली कमरेची सुटली नाही, म्हणजे रिव्हॉल्व्हर तिजोरीतून गेलंच नव्हतं. दळवींना वाटलं आपण ठेवलं, पण त्यांनी ते ठेवलंच नव्हतं. मग ते कुठे होतं? टेबलावर एक जागा कायम रिकामी ठेवली जाते, तिथे पाहुण्याचा पेलाही चालत नाही.

"सुयश उठून गेला. हेही तणतणत गेले," बाई म्हणाल्या. "ते तिथेच राहिलं. असं कधीच झालं नव्हतं. मी वाट्या उचलल्या, ताटं उचलली, आणि त्यांच्याबरोबर तेही उचललं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. त्यांना म्हटलं, आमचं एक हत्यार आहे, जमा करून घ्या. ते म्हणाले, लायसन ज्यांच्या नावावर त्यांना पाठवा. ते पिशवीत आहे, हे सांगायचा मला धीर झाला नाही."

"जयप्रकाशराव मारतात?"

"कधीच नाही. कधी रोखलंसुद्धा नाही. जेवताना नुसतं काढून ठेवतात. म्हणतात, कमरेला टोचतं."

खिडकीबाहेर एक विमान अगदी खालून गेलं.

"आचारसंहिता लागली की ते जमा व्हायचं," बाई पुन्हा बोलू लागल्या. "तेवढे दिवस, भावजी... कसं सांगू. एकदा हे म्हणाले, आमटीत मीठ जास्त आहे. मी म्हटलं, तुम्हाला तेवढंच दिसतं. तोंडातून गेलं आणि मी गारच पडले. तर हे हसले. म्हणाले, तू कधीपासून बोलायला लागलीस? गाणं म्हणत झोपायला गेले. माझं लग्न त्या माणसाशी झालंय असं मला वाटलं. मग निकाल लागला, आणि ते परत आलं."

त्या खाली बघत होत्या.

"मग लॉकडाऊन आला, पालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला. लोकसभा-विधानसभेचे दिवस आले नि गेले, पालिकेचं मतदान काही येईना. मी रोज पेपर बघायची. तुमची पुतळा मला हसायची. मला फार काही नको आहे. त्यांच्याशी एकदा पोटभर भांडायचंय. आवाज चढवून. तेवढंच राहिलंय."

जोतीरामांना आपल्या नोकरीतले गुन्हे आठवले. गोळी सुटली की तो गुन्हा मोजला जायचा. गोळी सुटली नाही तर हत्यार कायदेशीर आणि माणूस सज्जन. आमटी-भाताशेजारी पडून राहिलेलं रिव्हॉल्व्हर कुठल्या आकड्यात धरायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "हे सगळं त्यांच्यासमोर सांगाल?"

बाईंनी हलकी झालेली पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली. आणि खाली दळवींची गाडी फाटकात वळली.

६

दळवी आत आले तेव्हा रिव्हॉल्व्हर टेबलावर होतं, गोळ्यांची वाटी जोतीरामांच्या हाताखाली.

"सापडलं ना? मी म्हणत होतो, तो पोरगा..."

"सुगतनं हात लावलेला नाही. बसा."

ते बसले. जोतीरामांनी रविवारच्या जेवणापासून सगळं क्रमानं सांगितलं. ऐकता ऐकता दळवींचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला भीती वाटते, ही गोष्ट त्यांना खरोखरच नवी होती.

"मी तुला कधी हात तरी लावलाय?"

वैजयंतीबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या.

"लावला असता तर दाखवता तरी आलं असतं," त्या म्हणाल्या.

दळवी जोतीरामांकडे वळले. वीस वर्षं ते जवळ आहे म्हणून आपल्या वाटेला कोणी गेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. धंद्यात माणसं कशी असतात ते सांगितलं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं काय झालं, तेही.

"कोणी वाटेला गेलं नाही, हे खरं आहे," जोतीराम म्हणाले. "तुमचा मुलगाही जात नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. सुगतवर तक्रार केलीत, तर मला साक्षीला यावं लागेल, आणि भरलेलं हत्यार टेबलावर टाकून तुम्ही निघून गेलात हे मी सांगीन. लायसन तर जाईलच, वर चौकशी. त्यापेक्षा आत्ता उठा. तुम्ही स्वतः ते जमा करा, आणि लायसन नको म्हणून लिहून द्या. वहिनीही, हत्यार घरात नको, असा अर्ज देतील.

दळवींचा हात रिव्हॉल्व्हरकडे गेला. वैजयंतीबाई मागे सरकल्या, अगदी भिंतीपर्यंत. वाटी जोतीरामांकडे होती, रिव्हॉल्व्हर रिकामं होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तरी त्या सरकल्या.

दळवींनी ते सरकणं पाहिलं. हात तसाच राहिला.

"चला, भाऊ," ते शेवटी म्हणाले. "तुम्हीच घ्या ते. मी मागून येतो."

जाताना सुगतनं गाडी चालवली.

७

मतदान झालं, निकाल लागला, लोकांची हत्यारं घरोघर परत गेली. दळवींचं गेलं नाही. वैजयंतीबाई मात्र खारघरला सुयशकडे राहायला गेल्या. भागीरथीनं जोतीरामांना फोन करून विचारलं, बाई परत कवा येनार? जोतीरामांना ते माहीत नव्हतं.

एका रविवारी ते हरभऱ्याच्या जुड्या घेऊन सुयशच्या इमारतीत गेले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट उघडली तेव्हा त्यांना आवाज ऐकू आला. दारापाशी ओळखीच्या पुरुषी चपला होत्या.

"...आणि माझ्या बहिणीच्या लग्नात! मांडवात! सगळ्यांदेखत तुम्ही निघून गेलात. का, तर जावयाला मान नाही मिळाला!"

"अगं, ते किती वर्षांपूर्वीचं..."

"मधे बोलू नका. मी अजून लग्नापर्यंतच आले आहे. बारशाचं पुढे आहे."

आवाज वैजयंतीवहिनींचा होता, आणि तो एवढा मोठा असेल असं जोतीरामांना कधी वाटलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. एका मुलीनं डोकावलं, हसली, आणि दार लावून घेतलं. आत दळवी काहीतरी पुटपुटले. ते काय म्हणाले ते कळलं नाही, पण त्यावर वहिनींचा आवाज आणखी एक पट्टी वर गेला.

जोतीरामांनी घंटेकडे नेलेला हात मागे घेतला. ते जिन्याच्या पायरीवर बसले, एक जुडी सोडवली आणि घाटे सोलून खाऊ लागले. बारशापर्यंत यायला अजून पुष्कळ वेळ होता.